घाटमाथ्यावरची खोली: महाबळेश्वर-पाचगणीत आलिशान हॉटेल निवडताना

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेआठच्या सुमारास, आम्ही महाबळेश्वरच्या एका महागड्या हॉटेलात पोहोचलो. आरक्षण ‘व्हॅली व्ह्यू’ खोलीचे होते आणि त्यासाठी साध्या खोलीपेक्षा रात्रीमागे अडीच हजार रुपये जास्त मोजले होते. सकाळी पडदा सरकवला तेव्हा काचेपलीकडे पांढरे धुके होते आणि तिसऱ्या दिवशी निघतानाही तेच होते. चादरी दमट होत्या, टॉवेल वाळत नव्हते, आणि न्याहारीच्या टेबलावरच्या मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे घातलेले असूनही मीठ काही केल्या पडत नव्हते. यात हॉटेलची चूक होती, पण अर्धीच. ऑगस्टमध्ये, पश्चिमेच्या कड्यावर, दरीकडे तोंड असलेली खोली मागितली होती आमची आम्हीच.

तेव्हापासून मी डोंगरावरच्या मुक्कामाची आखणी उलट्या क्रमाने करतो. बहुतेक लोक आधी हॉटेल पसंत करतात, मग तारखा बघतात, आणि खोली कोणती मिळते ते तिथे गेल्यावर कळते. मी आधी महिना ठरवतो, मग डोंगराची कोणती बाजू ते पाहतो, त्यानंतर नेमकी खोली शोधतो, आणि हॉटेलचे नाव या सगळ्यातून आपोआप पुढे येते. पुढील पायऱ्या महाबळेश्वर आणि पाचगणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण मराठी कुटुंबाचा पहिला मोठा खर्चाचा डोंगरमुक्काम बहुधा इथेच होतो.

पहिली पायरी: महिना ठरवा

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेले आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग या धारेला थडकतात आणि तिथेच रिते होतात. त्यामुळे वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे पडतो, म्हणजे पुण्याच्या सात-आठ पट, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २०२१ च्या जुलैमध्ये तर २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. पावसाळ्यात जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. धबधबे भरलेले असतात, गर्दी कमी असते आणि दर उतरलेले असतात. मात्र त्या दिवसांत पैसे दृश्यावर न घालवता कोरड्या, उबदार खोलीवर, चांगल्या स्वयंपाकघरावर आणि छप्पर असलेल्या ऐसपैस व्हरांड्यावर घालवावेत.

दरी बघायची असेल, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि डोंगररांगांच्या मागच्या रांगाही स्वच्छ दिसतात. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि ३१ डिसेंबर एवढे दिवस वगळावेत. त्या दिवसांत दर कित्येकदा दुप्पट होतात आणि वेण्णा तलावाजवळ गाड्यांची जी रांग लागते तिच्यात अर्धी संध्याकाळ जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठून गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. बाजारपेठेपेक्षा हा सखल भाग रात्री बराच गार असतो, म्हणून लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेली व्यक्ती बरोबर असेल, तर या पट्ट्यातले हॉटेल घेताना खोली तापवण्याची सोय काय आहे, हे आधी विचारावे. महाराष्ट्रातल्या हॉटेलांत एसी सगळीकडे असतो. हीटर मागितला तर पुष्कळदा गोदामातून एकच निघतो आणि तो दुसऱ्या पाहुण्यांकडे गेलेला असतो.

फेब्रुवारी-मार्च हा माझ्या मते सर्वांत कमी लेखला गेलेला काळ आहे. परीक्षांमुळे कुटुंबे घरी असतात, स्ट्रॉबेरीचा हंगाम चालू असतो, हवा सुसह्य असते आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत मोठी हॉटेले दरात घासाघीस करायला तयार असतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात, आणि दुपारी दरीत धुरकट झाक बसते, त्यामुळे दृश्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे पुन्हा अर्धे वाया जातात.

दुसरी पायरी: डोंगराची बाजू निवडा

‘महाबळेश्वर’ हा शब्द हॉटेलांच्या नावांत फार सैलपणे वापरला जातो. खुद्द बाजारपेठेचे जुने नाव माल्कम पेठ. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून हे गिरिस्थान वसवले. पंचगंगेचे देऊळ असलेले क्षेत्र महाबळेश्वर तिथून सुमारे सहा किलोमीटर दूर आहे. त्याउलट मेटगुताड, भोसे, कासवंड, भिलार ही गावे पाचगणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आहेत, आणि तिथली कित्येक हॉटेले पत्त्यात महाबळेश्वर लिहितात. यात फसवणूक आहे असे नाही, कारण तालुका तोच आहे. परंतु संध्याकाळी बाजारात चालत जाऊन गरम मक्याचे कणीस खायचे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांना कासवंडमधून गाडी काढावी लागेल हे आधी ठाऊक असलेले बरे.

म्हणून पहिले काम म्हणजे नकाशावर उपग्रहचित्र उघडून हॉटेलची इमारत शोधणे. तीन गोष्टी पाहाव्यात. इमारत कड्याच्या काठावर आहे की रस्त्याला लागून आहे. तिच्या आणि दरीच्या मध्ये दुसरे बांधकाम उभे राहिले आहे का. आणि दरीची बाजू पश्चिमेला आहे की पूर्व-उत्तरेला. पश्चिमेची बाजू म्हणजे कोकणाकडे आणि कोयनेच्या खोऱ्याकडे कोसळणारे कडे. बॉम्बे पॉइंटवरून लोक जो सूर्यास्त बघतात तो याच बाजूचा, आणि पावसाळ्यात वाऱ्याचा मारा सोसणारी बाजूही हीच. पूर्व-उत्तरेची बाजू म्हणजे कृष्णेचे खोरे. तिथून धोम धरणाचे पाणी आणि वाईकडची शेते दिसतात, सकाळचे ऊन खोलीत येते आणि पाऊस पाठीवर घेतला जातो.

पाचगणीचा विचार इथेच करावा. महाबळेश्वरपासून ती जेमतेम १९ किलोमीटर पूर्वेला आणि थोडी खाली आहे, तरी तिथला पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि पसरणी घाट उतरून वाईत आले की आणखी पुष्कळच कमी. ढग वाटेतच रिकामे झालेले असतात. या कोरड्या हवेमुळेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षयरुग्णांसाठीचे आरोग्यधाम पाचगणीत उभे राहिले. आज ते रेड क्रॉसचे बेल एअर रुग्णालय म्हणून चालते, आणि वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी ते कुठे आहे हे नकाशावर पाहून ठेवावे. ज्यांना जून ते सप्टेंबरमध्येच सुट्टी मिळते आणि तरीही थोडी दरी दिसावी असे वाटते, त्यांनी मुक्काम पाचगणीत करावा आणि महाबळेश्वरला दिवसभराची फेरी मारावी.

रस्त्याचाही विचार जागेबरोबरच येतो. मुंबई-पुण्याहून येणारी बहुतेक मंडळी सातारा रस्त्याने सुरूर फाट्यापर्यंत येतात आणि वाईमार्गे पसरणी घाट चढतात. कोकणातून किंवा मुंबई-गोवा रस्त्याने येणारे पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर येतात. हा घाट सुंदर आहे, परंतु पावसाळ्यात दरडींमुळे तो बंद होण्याची शक्यता असते. तापोळ्याच्या बाजूला, शिवसागर जलाशयाच्या काठी, अलीकडे चांगली निवासस्थाने झाली आहेत. शांतता हवी असलेल्या जोडप्यांनी ती जरूर पाहावीत, मात्र रात्री उशिरा वळणांच्या त्या रस्त्याने पोहोचण्याचा बेत ठेवू नये.

माथेरानबद्दल दोन शब्द, कारण पुष्कळांच्या यादीत तेही असते. तिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे खाजगी मोटारी जात नाहीत, म्हणून हॉटेलच्या दर्जापेक्षा त्याचे नाक्यापासूनचे अंतर महत्त्वाचे ठरते. सामानासाठी हमाल, स्वतःसाठी घोडा, ई-रिक्षा किंवा आपले पाय असा हिशेब असतो, आणि पावसाळ्यात लाल चिखल गुडघ्यापर्यंत उडतो. जुन्या बंगल्यांतले मुक्काम मात्र तिथे जितके शांत आहेत तितके महाबळेश्वरात क्वचित मिळतात. आवाज हेच ज्यांचे मुख्य दुखणे आहे, त्यांनी तिथे जावे.

तिसरी पायरी: बंगला, रिसॉर्ट की कॉटेज

महाबळेश्वर-पाचगणीत महागड्या राहण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत आणि तिघांचे दोष वेगवेगळे आहेत.

जुन्या बंगल्यांचे केलेले हॉटेल म्हणजे उंच छत, जांभ्या दगडाच्या भिंती, लांब व्हरांडा आणि वेताच्या आरामखुर्च्या. अशा जागांचा रुबाब नव्या इमारतींना येत नाही. परंतु जांभा पाणी शोषतो. पूर्वी पावसाळ्याआधी इथल्या घरांच्या भिंती गवताच्या जाड आवरणाने झाकून घेत, ती काही हौस नव्हती. ज्या बंगल्याने जुन्या भिंती ठेवून आतला ओलावा रोखण्याचा खर्च केलेला नाही, तिथे कपाट उघडताच कुबट वास येतो. केंद्र सरकारचे पर्यटन मंत्रालय तारांकित श्रेणीप्रमाणेच १९५० पूर्वीच्या वास्तूंना ‘हेरिटेज’ अशी श्रेणीही देते. ही श्रेणी घेणे हॉटेलच्या इच्छेवर असते आणि ती पाच वर्षांसाठी असते; म्हणून नावापुढे ‘हेरिटेज’ लिहिलेले दिसले तर ते प्रमाणपत्र आहे की नुसते विशेषण आहे, हे विचारण्यात काहीच गैर नाही. हेच ‘पंचतारांकित’ या शब्दालाही लागू आहे. आरक्षणाच्या संकेतस्थळांवरचे तारे पुष्कळदा हॉटेलने किंवा संकेतस्थळानेच लावलेले असतात.

मोठी रिसॉर्टे ही उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली असतात. स्वागतकक्ष रस्त्याच्या पातळीवर आणि सर्वांत महागड्या, दरीलगतच्या खोल्या सर्वांत खाली, अशी रचना नेहमीची आहे. छायाचित्रात हे सुरेख दिसते. प्रत्यक्षात आईला गुडघ्यांचा त्रास असेल, तर न्याहारीसाठी साठ-सत्तर पायऱ्या चढून यायचे आणि पुन्हा उतरायचे म्हणजे दिवसाची सुरुवातच दुखण्याने होते. काही ठिकाणी विजेवर चालणारी छोटी गाडी असते, पण सकाळी नऊ वाजता सगळ्यांना ती एकाच वेळी हवी असते. म्हणून मी आता ‘लिफ्ट आहे का’ असे विचारत नाही. ‘खोलीपासून जेवणघरापर्यंत एकूण किती पायऱ्या’ असे विचारतो. लिफ्टच्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर सहज मिळते. पायऱ्यांच्या प्रश्नाला मोजून उत्तर द्यावे लागते.

कॉटेज किंवा स्वतंत्र व्हिला घेणाऱ्यांनी वीज, पाणी आणि माकडे या तिन्हींची चौकशी करावी. वीज गेल्यावर जनरेटरवर दिवे आणि पंखेच चालतात की गीझरही चालतो, हा प्रश्न थंडीत फार मोलाचा आहे. गरम पाणी चोवीस तास आहे की सकाळच्या ठरावीक वेळेतच, हेही विचारावे. माकडांबद्दल इतकेच सांगतो की गच्चीवरचे दार उघडे ठेवून पाच मिनिटे आत गेलेल्या माणसाची फळांची परडी परत मिळत नाही, आणि ज्या हॉटेलात गच्चीला जाळी किंवा दाराला आपोआप लागणारी कडी आहे, तिथल्या व्यवस्थापनाला ही गोष्ट ठाऊक आहे असे समजावे.

एक सावधगिरी तिन्ही प्रकारांसाठी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. बांधकामावर कडक बंधने आहेत आणि परवानगी नसलेल्या बांधकामांवर कारवाई झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अगदी नव्या, फारशा माहीत नसलेल्या व्हिलासाठी पूर्ण रक्कम आगाऊ मागितली जात असेल, तर पावतीवर जीएसटी क्रमांक आहे की नाही एवढे तरी पाहावे.

चौथी पायरी: फोन करा

संकेतस्थळावर आरक्षण करायचे असले तरी त्याआधी हॉटेलच्या स्वागतकक्षाला एक फोन करावा, आणि शक्यतो दुपारी तीन-चारच्या सुमारास, जेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांची धांदल ओसरलेली असते. आमच्या एका फोनवरचे संभाषण साधारण असे झाले होते.

“नमस्कार, व्हॅली व्ह्यू खोलीतून नेमके काय दिसते, सांगाल का?”

“सर, आपल्याकडे सगळ्याच रूम व्हॅली फेसिंग आहेत.”

“सगळ्याच? रस्त्याच्या बाजूच्यासुद्धा?”

“म्हणजे सर, त्या पार्शियल आहेत.”

“पार्शियल म्हणजे खिडकीतून दिसते की गच्चीत उभे राहून मान वळवावी लागते?”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली, आणि मग त्या तरुणाने हसून खरे सांगितले: “मान वळवावी लागते सर. तुम्ही दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली रूम घ्या, मी नोट टाकून ठेवतो.”

ही ‘नोट’ महत्त्वाची आहे. खोलीचा प्रकार पैशांनी ठरतो, परंतु त्या प्रकारातली नेमकी खोली स्वागतकक्षातला माणूस ठरवतो, आणि तो बहुधा नेमके विचारणाऱ्यालाच चांगली खोली देतो. म्हणून मजला, कोपरा, दिशा आणि जवळपास काय आहे, हे सगळे विचारावे. स्वयंपाकघराच्या धुराड्यावरची, जनरेटरशेजारची, लग्नसमारंभाच्या हिरवळीसमोरची आणि पोहण्याच्या तलावाला लागून असलेली, अशा चार खोल्या टाळाव्यात. हिरवळीची चौकशी तर तारीख सांगूनच करावी: “आम्ही येतो त्या रात्री एखादे लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का?” घाटावरच्या मोठ्या हॉटेलांचे उत्पन्न बऱ्याच अंशी अशा कार्यक्रमांवर असते, आणि रात्रीच्या संगीतामुळे दोनशे पाहुण्यांची मजा होते तेव्हा एकविसाव्या खोलीतल्या जोडप्याची झोप जाते.

तलावाबद्दल आणखी एक. मुले फक्त पाण्यासाठीच येणार असतील, तर पाणी तापवलेले आहे का हे विचारावे. जानेवारीत न तापवलेल्या तलावात कोणीही दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. आणि नायलॉनचा पोशाख सक्तीचा असतो. तो घरी राहिला तर तलावाशेजारच्या दुकानात तिप्पट किमतीला मिळतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

परीक्षणे वाचताना सरासरी गुणांकडे पाहू नये. आपण जाणार त्या महिन्यात गेलेल्या पाहुण्यांची परीक्षणे निवडून वाचावीत, कारण मे महिन्यातला खूश पाहुणा आणि जुलैमधला वैतागलेला पाहुणा एकाच हॉटेलबद्दल बोलत असूनही दोन वेगळ्या जागांबद्दल बोलत असतो. हॉटेलच्या छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी काढलेले न्हाणीघराचे फोटो अधिक बोलके असतात. छताच्या कोपऱ्यात काळसर ठिपके दिसले, तर ती बुरशी आहे आणि ती खोलीच्या बाकीच्या भागातही असणार.

पाचवी पायरी: जेवणाचा हिशेब

डोंगरावरच्या हॉटेलांत खोलीचा दर आणि जेवण एकत्र सांगण्याची जुनी पद्धत आहे, आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि न्याहारी, एमएपी म्हणजे न्याहारी आणि दुपार-रात्रीपैकी एक जेवण, आणि एपी म्हणजे तिन्ही वेळचे जेवण. दिवसभर पॉइंट बघत हिंडणार असाल, तर एपी घेऊ नये. दुपारी तुम्ही प्रतापगडावर किंवा गुरेघरच्या मॅप्रो गार्डनमध्ये असता आणि भरलेल्या पैशांचे जेवण हॉटेलात निवत असते. एमएपीमध्ये रात्रीचे जेवण घेणे सोयीचे ठरते. पावसाळ्यात मात्र हिशेब उलटतो. बाहेर पडता येत नाही, घाटात धुके असते, आणि तेव्हा तिन्ही वेळचे जेवण असलेला दर खरोखरच स्वस्त पडतो.

इथली अनेक हॉटेले केवळ शाकाहारी आहेत आणि जैन जेवणाची सोय उत्तम ठेवतात. मांसाहार हवा असणाऱ्यांनी हे आरक्षणाआधीच पाहावे, नाहीतर रोज रात्री बाजारात जावे लागते. उलट बाजूने, आजीसाठी कांदा-लसूण नसलेला साधा वरणभात हवा असेल, तर ‘बुफेत काय असते’ असे न विचारता ‘रात्री आठ वाजता साधा वरणभात करून मिळेल का’ असे विचारावे. चांगल्या हॉटेलची ओळख मला तीस पदार्थांच्या बुफेपेक्षा या एका उत्तरातून अधिक पटली आहे.

गाडी भाड्याची असेल, तर चालकाच्या राहण्या-जेवणाची सोय आहे का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावे. आपण पंधरा हजारांच्या खोलीत आणि दुसऱ्या दिवशी पसरणी घाट उतरवणारा माणूस रात्रभर गाडीच्या आडव्या केलेल्या सीटवर, दहा अंशांच्या थंडीत, ही गोष्ट माणुसकीच्या दृष्टीने वाईट आहेच, आणि झोप न झालेल्या चालकाच्या हाती घाट देणे हे धोक्याचेही आहे.

सहावी पायरी: पैसे भरण्याआधी

दर विचारताना नेहमी सर्व करांसह अंतिम रक्कम विचारावी. सप्टेंबर २०२५ पासून, रोजचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. या सीमारेषेवर मजेशीर प्रकार घडतो. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांना. शंभर रुपयांच्या फरकापायी रात्रीमागे जवळजवळ अकराशे रुपये जास्त जातात. हॉटेलचा दर या रेषेच्या किंचित वर असेल आणि आठवड्याचे मधले दिवस असतील, तर ‘साडेसात हजारांत बसवता येईल का’ असे सरळ विचारावे. व्यवस्थापकालाही हे गणित ठाऊक असते.

बिलात सेवा शुल्क आपोआप जोडले जात असेल, तर ते काढायला सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाढपी मुलाला खुशीने बक्षीस द्यावे, ते वेगळे.

आरक्षण रद्द करण्याची अट लेखी घ्यावी, विशेषतः पावसाळ्यात. ‘घाट बंद झाला तर काय?’ हा प्रश्न ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. पैसे परत मिळत नसले तरी पुष्कळ हॉटेले तारीख बदलून देतात, पण ती फोनवरची गोड बोली ऐनवेळी कोणाला आठवत नाही. नाताळ ते नववर्ष या दिवसांत किमान दोन किंवा तीन रात्रींची अट आणि सक्तीच्या मेजवानीचे वेगळे पैसे असतात. ते दरात धरलेले आहेत की नाहीत, हे पाहावे. मुलांसाठी किती वयापर्यंत पैसे नाहीत, आणि जास्तीची गादी म्हणजे खरा पलंग की जमिनीवरची गादी, हेही विचारावे. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील, तर हॉटेलला त्यांची माहिती शासनाकडे नोंदवावी लागते, म्हणून त्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) सामानाच्या तळाशी ठेवू नये. बाकी सर्व प्रौढांचे ओळखपत्र लागतेच.

सातवी पायरी: पोहोचल्यावरची दहा मिनिटे

शक्य असेल तर उजेड असताना पोहोचावे. रात्री पोहोचलेल्या पाहुण्याला खिडकीतून काय दिसते ते कळत नाही आणि सकाळी तक्रार करेपर्यंत हॉटेल भरलेले असते. आमची ऑगस्टची चूक हीसुद्धा होती.

सामान वर नेण्याआधी एकट्याने खोली पाहून यावी. पलंगावरची रजई उचलून खालच्या चादरीवर तळहात ठेवावा. ओलसर गारवा लगेच कळतो. कपाट उघडून वास घ्यावा. नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते पाहावे, आणि डोंगरउतारावरच्या सर्वांत खालच्या किंवा सर्वांत वरच्या खोलीत पाण्याचा जोर तपासावा. गच्चीचे दार नीट लागते का, मोबाइलला खोलीच्या आत रेंज येते का, एवढे पाहिले की झाले. यातले काही खटकले, तर त्याच क्षणी आणि आवाज न चढवता खोली बदलून मागावी. संध्याकाळी पाच वाजता स्वागतकक्षाकडे दोन-तीन खोल्या हाताशी असतात. आठ वाजता त्या नसतात.

आणि मनासारखी खोली मिळाली, तर तिचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी फोन केला आणि “दोनशे सात मोकळी आहे का?” असे विचारले, तर पलीकडचा माणूस दर सांगण्याआधी एकदा विचारतो: “सर, तुम्ही आधी येऊन गेलात का?”